घरची दुरुस्ती: गेमचा रिमोट उघडण्याआधी

मे महिन्याची सुट्टी संपली की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी मिक्सर, गीझर, पंखा असं चालू असतं आणि जून लागला की एकदम गेमचे कंट्रोलर, कारण दोन महिने पोरांनी ते इतके पिदडलेले असतात की काहीतरी जाणारच. आपल्याकडे बरेच जण त्याला रिमोटच म्हणतात, मीही खाली कधी कंट्रोलर म्हणेन कधी रिमोट, वस्तू एकच. सहा प्रश्न घेतलेत, पहिल्यावर जास्त लिहिलंय कारण तो त्रास सगळ्यात जास्त घरांत आहे.

दादा, आमच्याकडे पीएस४ (प्लेस्टेशन ४) आहे. गेममधला माणूस कोणी हात न लावता आपोआप डावीकडे चालत राहतो. दुकानात दाखवला तर न उघडताच सांगितलं की बोर्ड गेलाय, नवीन घ्या, आणि नवीन पाच हजाराच्या वर आहे. मुलगा आता अकरावीत जाईल, तो म्हणतो मीच उघडतो. मला भीती वाटते. उघडू देऊ का? — एक आई, नाशिक

ताई, उघडू द्या. तुम्ही शेजारी बसा आणि स्क्रू ड्रायव्हर त्याच्याच हातात द्या. पण आजच्या आज नाही. आधी एक टेस्ट करायची, तिला एक रुपया लागत नाही, आणि तुम्हाला बोर्ड गेला म्हणून सांगितलं त्यांनी ती केलेली नाही म्हणून मला वाईट वाटलं.

कंट्रोलर यूएसबी वायरने कॉम्प्युटरला जोडा. वायर डेटा जाणारी हवी, बऱ्याच स्वस्त वायरींमध्ये नुसत्या चार्जिंगच्या तारा असतात आणि मग कॉम्प्युटरला कंट्रोलर दिसतच नाही आणि माणूस उगाच घाबरतो. ब्राउझरमध्ये गेमपॅड टेस्टर असं शोधलं की फुकटची पानं मिळतात, एखादं बटण दाबलं की स्क्रीनवर सगळी बटणं आणि स्टिकचे आकडे दिसायला लागतात. स्टिक एका टोकाला नेली की उणे १, दुसऱ्या टोकाला १, आणि सोडून दिली की शून्याच्या जवळ यायला हवी. ०.०२, ०.०४ असं काही दिसलं तर ते चालतं, गेम तेवढं सोडून देतो, त्याला डेडझोन म्हणतात. तुमच्याकडे डाव्या स्टिकच्या आडव्या आकड्यात गडबड दिसेल. आता तो आकडा करतो काय ते दोन मिनिटं शांतपणे बघा, कारण सगळं निदान त्यातच आहे. आकडा समजा उणे ०.१५ वर जाऊन तिथेच गप्प बसला असेल तर स्टिकचा मध्यबिंदू सरकलाय. आणि तो सारखा थरथरत असेल, ०.०३, मग ०.२०, मग परत ०.०५, तर आत घाण आहे नाहीतर झीज आहे.

गप्प बसलेला असेल तर आधी रिसेट करून बघा. पीएस४च्या कंट्रोलरला मागच्या बाजूला एलटूच्या, म्हणजे डाव्या ट्रिगरच्या, जवळ एक बारीक भोक असतं, कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडलेला गेमचा डबा, बंद करायचा आणि त्या भोकात सिमकार्डची पिन घालून पाचेक सेकंद दाबून धरायची, मग वायरने जोडून मधलं पीएस बटण दाबायचं. ज्या गेममध्ये डेडझोनची सेटिंग असेल तिथे ती थोडी वाढवली तरी पुष्कळ घरांत काम भागतं, कंट्रोलर उघडावाही लागत नाही.

थरथरत असेल तर आतलं समजून घ्या. घरात जुना रेडिओ होता ना, व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर यायची? तीच वस्तू आहे ही. रेडिओतला व्हॉल्यूम म्हणजे कार्बनचा एक पट्टा आणि त्यावरून घासत जाणारं धातूचं बोट, आणि तुमच्या स्टिकच्या खाली असे दोन व्हॉल्यूम बसवलेत, एक आडव्यासाठी, एक उभ्यासाठी. बोट पट्ट्यावर कुठे आहे त्यावरून व्होल्टेज बदलतं आणि कन्सोलला कळतं की स्टिक कुठे आहे. पट्टा झिजला, त्याची भुकटी झाली की रेडिओत खरखर ऐकू यायची, इथे माणूस चालायला लागतो, यालाच सगळे ड्रिफ्ट म्हणतात.

मागे आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचा कंट्रोलर उघडला होता तेव्हा ती छोटी डबी काढून त्याला भिंगाखाली दाखवली. आत घोड्याच्या नालेसारखा काळा पट्टा, दोन्ही टोकांना अगदी नवा, काळाकुट्ट, आणि बरोब्बर मधोमध एक राखाडी चकचकीत रेघ, बाजूला काळी भुकटी साचलेली. गेम खेळताना अंगठा सारखा मध्याच्या आसपासच हलत असतो म्हणून झीजही तिथेच होते. तो मुलगा किती वेळ बघतच बसला होता, मग म्हणाला, "म्हणजे हे मीच झिजवलंय?" हो, त्यानेच, सहा वर्षं रोज खेळून, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही, घासणारी वस्तू झिजणारच.

आता करायचं काय. पहिला उपाय न उघडता. कंट्रोलर बंद करा, स्टिक एका बाजूला पूर्ण झुकवा, खालच्या फटीत आयपीएचे, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडा, शक्यतो ९९ टक्क्यांचं, आणि स्टिक गोल गोल तीस-चाळीस वेळा फिरवा. अर्धा तास वाळू द्या, परत टेस्ट. नुसती धूळ असेल तर इथेच बरं होतं. पट्टाच झिजलेला असेल तर चार दिवस बरं वाटेल आणि परत सुरू होईल, तेव्हा निराश होऊ नका, त्याचा अर्थ एवढाच की पुढच्या पायरीची वेळ आली.

उघडायचं तर मागे चार स्क्रू असतात, दुकानात ज्याला स्टार म्हणतात तो अधिकच्या खुणेचा छोटा स्क्रू ड्रायव्हर लागतो. टोक नीट बसणारं घ्या, ढिल्या टोकाने स्क्रूचं डोकं एकदा गुळगुळीत झालं की मग तोच दोन तासांचा उद्योग होतो. स्क्रू काढल्यावर मागचं झाकण एकदम ओढू नका, हे मुलाला दोनदा सांगा. मागच्या झाकणात चार्जिंगचा छोटा बोर्ड असतो आणि तो एका पातळ रिबनने मुख्य बोर्डाला जोडलेला असतो, झटका दिला की रिबन फाटते. वहीसारखं अर्धवट उघडा, रिबन हळूच सोडवा, मग बॅटरीचा प्लग काढा. एलटू आणि आरटूच्या स्प्रिंगा उडतात, म्हणून खाली पांढरा टॉवेल अंथरून त्यावरच काम करा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढायला सांगा, जोडताना हे फोटो देवासारखे उपयोगी पडतात. स्टिकच्या बाजूला दोन चपट्या डब्या दिसतील, त्यांचं झाकण पातळ पात्याने हळूच सैल केलं की आत एक छोटं चाक आणि त्यावर ती धातूची बोटं. इअरबडला आयपीए लावून पट्टा पुसा, बोटं पुसा, घासू नका.

हेही करून आकडा थरथरत राहिला तर मात्र पूर्ण स्टिक बदलावी लागते, आणि इथे मी तुम्हाला खरं सांगतो, पहिल्यांदा सोल्डरिंग, म्हणजे कथील वितळवून जोड करायचं काम, हातात धरणाऱ्याने हे करू नये. एका स्टिकचे १४ जोड असतात: दोन व्हॉल्यूमचे तीन-तीन, दाबायच्या बटणाचे चार, आणि चार पाय, आणि त्या चार पायांना बोर्डातलं तांबं इतकी उष्णता ओढून घेतं की साधी २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री तिथे दमते. घाईघाईत ओढलं तर बोर्डावरचा तांब्याचा गोल उखडून हातात येतो. मुलाला आवड असेल तर भंगारातल्या एखाद्या बोर्डावर महिनाभर हात बसवू द्या, डिसोल्डर पंप (वितळलेला सोल्डर ओढून घेणारा) आणि थोडा फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) आणून द्या, जुन्या जोडावर आधी थोडा आपला साधा सोल्डर चढवला की तो लवकर वितळतो ही युक्तीही सांगा. नाहीतर मोबाइल दुरुस्त करणारा चांगला माणूस गाठा आणि त्याला बोर्ड गेलाय असं सांगू नका, डावी स्टिक बदलायची आहे असं सांगा. सुटा भाग पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून बघा, ऑनलाइनही मिळतो, आणि नवीन कंट्रोलरच्या मानाने तो फार म्हणजे फारच स्वस्त असतो.

बदलायचीच वेळ आली तर हॉल इफेक्टवाली स्टिक मिळतेय का बघा. तिच्यात चुंबक आणि सेन्सर असतात, एकमेकांना टेकतच नाहीत, त्यामुळे तो पट्टा झिजायचा प्रश्नच नाही. हे काही आत्ताचं तंत्र नाही, १९९८ मध्ये जपानात आलेल्या सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये असाच चुंबकाचा स्टिक होता, आणि इतक्या वर्षांनंतरही मोठ्या कंपन्यांच्या महागड्या कंट्रोलरांत घासणारा पट्टाच येतो याचा मला मनापासून राग आहे. नवीन स्टिक बसवल्यावर मध्यबिंदू परत सेट करावा लागतो, पीएस४ आणि पीएस५च्या कंट्रोलरसाठी ते ब्राउझरमधूनच करता येतं.

सर, पीएस३चा जुना कंट्रोलर आहे. टेबलावर नुसता ठेवला तरी बटणं आपोआप दाबली जातात, मेन्यू वरखाली पळतो. आमच्याकडे पावसाळ्यात दमट हवा असते, पाणी गेलं असेल का? — एक वाचक, चिपळूण

पाणी गेलं असेल तर कुठेतरी हिरवट बुरशीसारखा थर दिसेल, तो आयपीए आणि जुन्या टूथब्रशने साफ करा. पण तुम्ही सांगताय ते लक्षण वाचून माझा संशय वेगळीकडेच जातोय आणि हा दोष इतका सोपा आहे की हा कंट्रोलर फेकणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटतं.

त्या कंट्रोलरमध्ये बटणांच्या खाली एक पातळ प्लास्टिकची फिल्म असते, तिच्यावर छापलेल्या रेघा असतात आणि त्या रेघा बोर्डाला सोल्डर केलेल्या नसतात, नुसत्या दाबून धरलेल्या असतात. दाबून धरायचं काम करतो स्पंजचा एक छोटा तुकडा, नखाएवढ्या रुंदीचा. वर्षानुवर्षं दबून दबून तो स्पंज चपटा होतो, मग रेघा बोर्डाला कधी टेकतात कधी नाही, आणि कन्सोलला वाटतं कोणीतरी बटणं दाबतंय. मागचे पाच स्क्रू काढा, बॅटरी बाजूला करा, बोर्ड उचला, तो काळा किंवा राखाडी स्पंज सापडेल. त्याच्यावर इन्सुलेशन टेपच्या दोन-तीन घड्या लावा किंवा त्याच मापाचा जाड कागद कापून चिकटवा, फिल्म आणि बोर्डाच्या सोनेरी पट्ट्या आयपीएने पुसा, आणि परत बंद करा. जास्त जाड करू नका, नाहीतर झाकण बसणार नाही आणि बोर्ड वाकेल. सोल्डरिंग नाही, सुटा भाग नाही, अर्ध्या तासाचं काम आहे.

बटण जोरात दाबावं लागतं. काही जण सांगतात डब्ल्यूडी-४० मारा, काही म्हणतात सॅनिटायझर लावा, एकाने तर पेन्सिलीचं शिसं घासायला सांगितलं. नक्की काय? — कॉलेजचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

डब्ल्यूडी-४०चा जो नेहमीचा निळा-पिवळा डबा असतो तो नको, तो गंजलेल्या बिजागरीसाठी आहे, मागे तेलाचा थर ठेवतो आणि त्या थरावर धूळ बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून वेगळा स्प्रे येतो तो चालतो. सॅनिटायझरही नको, त्यात पाणी असतं आणि हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीनसारखं काहीतरी असतं, तेच आत चिकटून बसतं.

पेन्सिलीचं मात्र पूर्ण चुकीचं नाही. रबरी बटणाच्या खाली काळी टिकली असते ती कार्बनची, ती बोर्डावरच्या दोन रेघांना जोडते, टीव्हीच्या रिमोटमध्येही हेच असतं. आधी टिकली आणि बोर्ड दोन्ही आयपीएने पुसून बघ, दहापैकी बऱ्याच वेळा तेवढ्यानेच होतं, कारण तिथे बोटांचा घाम आणि वेफर्सचं तेल जमलेलं असतं. तरी नाहीच झालं तर मऊ पेन्सिल, सिक्स-बी वगैरे, टिकलीवर हलकी फिरव. काही महिने चालेल. बोर्डावर मात्र पेन्सिल अजिबात घासू नकोस, पेन्सिलीची भुकटी दोन रेघांच्या मध्ये पडली की बटण कायमचं दाबलेलंच राहील.

काका, मी हॉस्टेलला राहतो, पीएस४चा कंट्रोलर लॅपटॉपवर खेळतो. आता चार्जच होत नाही, पण वायर विशिष्ट कोनात धरली तर होतो. बॅटरी बदलू का? — पुणे

विशिष्ट कोनात धरल्यावर चार्ज होतो हे तूच सांगितलंस म्हणजे बॅटरी नाही रे, पोर्ट आहे. आधी टॉर्च मारून पोर्टमध्ये बघ, खिशातला आणि बॅगेतला कापूस आत दाबून बसलेला असतो, लाकडी टूथपिकने अलगद काढ, सुई किंवा सेफ्टीपिन घालू नकोस. मग मित्राची वायर लावून बघ.

तरीही तसंच असेल तर पीएस४च्या कंट्रोलरची एक चांगली गोष्ट म्हणजे चार्जिंगचा पोर्ट मुख्य बोर्डावर नसतोच, तो मागच्या झाकणातल्या वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो आणि तो बोर्ड सुटा मिळतो, स्क्रू काढून तो बदलायचा आणि रिबन परत जोडायची, सोल्डरिंग नाही. ऑर्डर करण्याआधी फक्त उघडून बघ की रिबनला १२ पिना आहेत की १४, आणि छोट्या बोर्डावर जेडीएसने सुरू होणारा नंबर छापलेला असतो तो लिहून घे, कारण कंपनीने मध्येच हे बदललंय आणि चुकीचा आला तर बसणार नाही. पीएस५च्या कंट्रोलरचा पोर्ट मात्र मुख्य बोर्डालाच जोडलेला असतो, ते काम जाणकाराकडेच दे.

उघडलाच आहेस तर बॅटरीही बघून घे. मूळ बॅटरी १००० एमएएचची (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) असते. ती चपटी, घट्ट असायला हवी. पापडासारखी फुगली असेल, झाकणाला फट पडत असेल, तर ती दाबू नकोस, टोचू नकोस, चार्ज करू नकोस, आणि हॉस्टेलच्या ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नकोस, ई-कचरा घेणाऱ्या ठिकाणीच दे. लिथियमची बॅटरी टोचली गेली तर पेट घेते, खोलीत चार जण झोपलेले असतात. नवीन घेताना त्याच आकारात दुप्पट-अडीचपट एमएएच लिहिलेलं दिसलं तर त्या आकड्यावर भरवसा ठेवू नकोस.

आम्ही म्युनिकला असतो. मुलीच्या निन्टेन्डो स्विचच्या डाव्या जॉय-कॉनला (बाजूच्या छोट्या कंट्रोलरला) ड्रिफ्ट आहे, वॉरंटी कधीच संपली. इथे दुरुस्ती महाग, भारतात येताना घेऊन येऊ का? — एक वाचक, जर्मनी

आणू नका आणि उघडूही नका. एप्रिल २०२३ पासून युरोपात निन्टेन्डोने ड्रिफ्ट होणारे जॉय-कॉन वॉरंटी संपल्यावरसुद्धा फुकट दुरुस्त करून द्यायचं मान्य केलंय, युरोपातल्या ग्राहक संघटनांनी तक्रारी लावून धरल्या आणि युरोपियन कमिशन मध्ये पडलं तेव्हा हे झालं. त्यांच्या जर्मन सपोर्टच्या साइटवरून अर्ज भरा. पाठवण्याआधी सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन स्टिकचं कॅलिब्रेशन एकदा करून बघा, कधी कधी तेवढंच पुरतं.

इथल्या वाचकांसाठी, ज्यांची स्विच बाहेरून कोणीतरी आणलेली असते आणि पाठवायला जागा नसते: जॉय-कॉनची स्टिक चपटी असते आणि ती सोल्डर केलेली नसते, रिबनने जोडलेली असते, त्यामुळे बदलणं पीएस४पेक्षा सोपं आहे. मागचे चार स्क्रू तीन पाकळ्यांचे, इंग्रजी वायसारखे असतात, त्याचा वेगळा स्क्रू ड्रायव्हर लागतो, आतले साधे. रिबनच्या सॉकेटला एक इवलंसं झाकण असतं, ते नखाने उभं केलं की रिबन आपोआप सुटते, तशीच ओढली तर सॉकेट तुटतं आणि मग मात्र खरंच बोर्ड गेला.

नमस्कार. आईच्या घरी माळ्यावर लहानपणीचा टीव्ही व्हिडिओ गेम सापडला, पिवळ्या कॅसेटवाला. चालू होतोय, चित्र येतंय! पण एक रिमोट पूर्ण बंद आहे आणि दुसऱ्याचं फक्त उडी मारायचं बटण चालत नाही. मुलगी आठ वर्षांची आहे, तिच्याबरोबर खेळायचंय. दोन्ही दुरुस्त होतील का? — एक बाबा, सातारा

तुमचं पत्र वाचून मला खूप आनंद झाला. दोन्ही होतील अशी मला दाट आशा आहे, आणि गंमत म्हणजे तुमच्या दोन रिमोटना दोन वेगळे आजार आहेत आणि ते न उघडताच ओळखता येतात.

हे आपल्याकडे ९०च्या दशकात घरोघरी आलेले गेम म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३च्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ रिमोटची रचना फार हुशारीची आहे आणि नकलांनी ती तशीच उचलली. रिमोटवर आठ बटणं, पण वायरीतून कामाच्या तारा जातात फक्त पाच. एक पॉवरची, एक ग्राउंडची, आणि उरलेल्या तिनांत सगळं संभाषण: कन्सोल एका तारेवरून विचारतो की सांगा आत्ता काय काय दाबलंय, दुसऱ्या तारेवरून एकेक टिचकी मारत जातो, आणि तिसऱ्या तारेवरून रिमोट एकामागोमाग एक आठ बटणांची हजेरी देतो, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. शाळेत बाई हजेरी घेतात तसंच, आणि हे सेकंदाला पन्नास-साठ वेळा होतं.

आता यातून निदान बघा. सगळ्या बटणांची हजेरी एकाच तारेवरून जाते, म्हणजे उडीचं एकच बटण बंद असेल आणि बाकी सात चालू असतील तर वायर तुटलेली असूच शकत नाही. तिथे रबर आणि कार्बनची टिकली, वर संभाजीनगरच्या मुलाला सांगितलं तेच. उडीचं बटण सगळ्यात जास्त दाबलं जातं म्हणून तेच आधी जातं. टिकली अगदीच गेली असेल तर सिलेक्टचं रबर फारसं वापरलेलं नसतं, कधी कधी त्याची टिकली कापून इकडे फेविक्विकच्या कणभर थेंबाने चिकटवता येते, फक्त थेंब टिकलीच्या पाठीमागे, पुढच्या बाजूला आला तर गेली.

आणि पूर्ण बंद रिमोटची वायर तुटली आहे, जवळजवळ नक्की. कुठे तुटली असेल तेही सांगतो, रिमोटमधून वायर बाहेर पडते तिथून दोन-चार बोटांच्या आत, कारण खेळून झालं की आपण सगळे ती वायर रिमोटलाच गच्च गुंडाळून ठेवायचो. खात्री करायची तर गेम चालू ठेवून ती जागा हळूहळू वाकवत एखादं बटण दाबून बघा, मध्येच एकदा चाललं तर जागा सापडली. नाहीतर मल्टिमीटर बीपवर लावा, एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरं बोर्डावरच्या तारेच्या जोडाला, पाचही तारा एकेक करून तपासा, बीप येत नाही ती तुटलेली.

उघडल्यावर आधी फोटो काढा. कुठली रंगाची तार कुठे जाते ते कागदावरही लिहा, नकलांमध्ये रंगांना काही नियम नसतो, एकाच डब्यातल्या दोन रिमोटचे रंग वेगळे निघाल्याचं मी बघितलंय. मग तुटलेल्या जागेच्या पलीकडे, बोटभर जास्तच, वायर कापून टाका. बाहेरचं जाड कव्हर तीनेक सेंटिमीटर सोला, आतल्या तारा केसांसारख्या बारीक असतात, दातांनी सोलू नका, ब्लेडने गोल फिरवून सोला, टोकं पिळून त्यावर आधी सोल्डर चढवा. जुनी तार काढायची, तिथेच नवीन टोक लावायचं, मग पुढची, सगळ्या एकदम काढल्या की गोंधळ होतो. बोर्डावर मधोमध काळा डांबरासारखा थेंब दिसेल, चिप त्याच्या खाली असते, त्याला हात लावायचं कारण नाही. हे जोड मोठे आणि मोकळे असतात, २५ वॉटची इस्त्री पुरते, आणि नाशिकच्या ताईंच्या मुलाला हात बसवायला यापेक्षा चांगली वस्तू नाही. शेवटी वायर झाकणातल्या प्लास्टिकच्या खुंट्यांमधून नागमोडी फिरवूनच बाहेर काढा, त्या त्यासाठीच असतात, ओढ खुंट्यांवर यायला हवी, जोडांवर नाही. मुलीला स्क्रू गोळा करायचं आणि फोटो काढायचं काम द्या, पण सोल्डर हाताळल्यावर सगळ्यांनी हात साबणाने धुवा, आपल्याकडच्या साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

एक सांगून ठेवतो, डब्यात ती बंदूकही असेल तर बदकांवर नेम धरायचा गेम आताच्या सपाट टीव्हीवर चालणार नाही. बंदूक बिघडलेली नसते, ट्रिगर दाबल्यावर जुन्या पिक्चर ट्यूबवर क्षणभर जो पांढरा चौकोन उमटायचा तो बरोबर त्याच वेळी तिच्या डोळ्याला दिसावा लागतो, आणि नव्या टीव्हीत चित्र थोडं उशिरा येतं. गावात कोणाकडे जुना डब्बा टीव्ही पडलेला असेल तर तेवढा विचारून बघा.